आधी फर्स्ट पीस, मग स्वेटर

सातपूरच्या एमआयडीसीत ३४ वर्षं टर्नर म्हणून, म्हणजे लेथवर काम करत काढली, त्यातली बरीचशी टूलरूममध्ये. तिथला एक नियम अंगात मुरलेला होता. मशीनचं सेटिंग झालं की पहिला जॉब, म्हणजे पहिला नग (हाच 'फर्स्ट पीस') काढायचा, पुसायचा, गार होऊ द्यायचा आणि क्वालिटीवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. तो मायक्रोमीटर लावणार, ड्रॉइंगशी ताडून बघणार आणि कार्डावर सही करणार. सही होईपर्यंत दुसऱ्या बारला हात लावायचा नाही. ५०० नगांचा लॉट असो की ५ नगांचा.

लॉकडाउनमध्ये बायकोकडून विणकाम शिकलो. आधी नुसती लडी धरून बसायचो, मग मफलर, मग टोपी. एका हिवाळ्यात डोक्यात आलं, जावईबापूंना स्वेटर करू. इंटरनेटवरून एक परदेशी नमुना उतरवून घेतला, लोकर आणली आणि टाके घातले. त्या नमुन्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की आधी तुकडा विणून १० सेमीत १८ टाके येतात का ते बघा. मी ते वाचलं आणि पुढे गेलो. ३४ वर्षांचा नियम, आणि लोकर हातात आल्यावर आठवला नाही.

सव्वा महिन्याने स्वेटर तयार झाला. छाती १०८ सेमी यायला हवी होती, आली ८८. जावईबापूंनी डोकं घालून बघितलं, हात वर करून अडकले, आणि मुलीने त्यांना दोन्हीकडून ओढून बाहेर काढलं. हिने एवढंच विचारलं, "अहो, तुकडा विणला होतात का?"

हिशेब साधा होता. नमुन्यात १९४ टाके होते. १० सेमीत १८ टाके बसले तर १९४ टाक्यांचे १०८ सेमी होतात. माझ्या विणीत बसत होते २२, म्हणून झाले ८८. म्हणजे विणायला सुरुवात केली त्याच दिवशी निकाल लागलेला होता, मला तो सव्वा महिन्याने कळला.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, कारण इंटरनेटवरून नमुने घेणाऱ्या पुष्कळ जणांची होते. नमुन्यात '८ नंबरची सुई' लिहिलं होतं. मी घरातली ८ नंबरची घेतली. पण नमुना अमेरिकन होता. अमेरिकेतली ८ नंबरची सुई ५ मिमीची, आपल्याकडची ८ नंबरची ४ मिमीची. शिवाय त्यांच्याकडे नंबर वाढला की सुई जाड होते, आपल्याकडे नंबर वाढला की बारीक. आपले नंबर ब्रिटिश आहेत. तारेच्या जाडीचा जो एसडब्ल्यूजी तक्ता असतो, त्याच्याशी ते बरेचसे जुळतात. तक्त्यात ८ नंबरची तार ४.०६ मिमी, १० नंबरची ३.२५. विणायच्या सुया ८ नंबर ४ मिमी, १० नंबर ३.२५. तार एकेका डायमधून ओढत बारीक करत नेतात; जितक्या जास्त वेळा ओढली तितका नंबर मोठा आणि तार बारीक. हा तक्ता टूलरूमच्या भिंतीवर टांगलेला असायचा आणि माझा पाठ होता. सुईला तो लागू होतो हे मात्र स्वेटर अडकल्यावर सुचलं.

म्हणून पहिली गोष्ट: नंबर विसरा, मिलिमीटर बघा. सुईवर छापलेलं पुसलं असेल तर व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं सरकतं माप, लावा. ते घरात नसणार, तर भोकं पाडलेली प्लॅस्टिकची सुईमापक पट्टी मिळते ती घ्या. आपल्याकडची ७ नंबर म्हणजे ४.५ मिमी, ९ नंबर ३.७५, ११ नंबर ३ आणि १२ नंबर २.७५.

आता तुकडा. ही त्याला 'वीतभर तुकडा' म्हणते, आणि शब्दाला जागून वीतभरच करते. बहुतेक जण दोन बोटं रुंद पट्टी विणतात, मोजपट्टी लावतात आणि समाधान करून घेतात. कडेचे टाके कधीच मधल्या टाक्यांसारखे नसतात, ते ओढले जातात किंवा सैल पडतात. तुकडा लहान असला की तुम्ही मोजता ती कडच. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत पातेल्याच्या मधलं हवं, काठाला वाळलेलं नको.

समजा नमुन्यात १० सेमीत २२ टाके आणि ३० ओळी दिल्या आहेत. डबल निटिंग, म्हणजे मध्यम जाडीच्या लोकरीला ४ मिमीच्या सुईवर साधारण हेच माप येतं. मी ४० टाके घालतो. पहिल्या ६ ओळी सगळ्या सुलट. मग दोन्ही कडांचे ३-३ टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवून मधल्या ३४ टाक्यांवर एक ओळ सुलट, एक उलट. कडेला सुलटाची पट्टी नसेल तर सुलट-उलटाचा तुकडा सुरळी होतो आणि मोजताना दाबून धरावा लागतो; दाबलं की माप बदललं. ४५ ओळी झाल्या की पुन्हा ६ ओळी सुलट आणि टाके बंद. बंद करताना हात सैल ठेवा, नाहीतर वरची कड आवळते आणि तुकडा पिशवीच्या तोंडासारखा दिसतो. जे टाके सुईवर असतानाच मोजतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण सुई अडकलेली असताना टाके मोकळे झालेले नसतात.

स्वेटरला जी सुई वापरणार तीच तुकड्याला. मिलिमीटर तेच, पण तुकडा बांबूच्या सुईवर आणि स्वेटर स्टीलच्या सुईवर असं केलंत तरी फरक येतो, कारण बांबूवर लोकर अडखळते आणि स्टीलवर घसरते. लोकरही तीच हवी, शक्यतो त्याच रंगाची. नमुन्यात वेण्या असतील तर तुकड्यातही वेणी घाला. वेणी वीण आत ओढते. साध्या विणीवर २२ आले म्हणून वेणीवर २२ येत नाहीत, जास्त येतात.

तुकडा झाला. लगेच पट्टी लावायची नाही.

लेथवरून उतरवलेला जॉब गरम असतो. धातू फुगलेला असतो, माप मोठं येतं. गरम जॉब मापात आहे म्हणून लॉट पुढे ढकलला आणि गार झाल्यावर सगळा लहान निघाला, असं एकदा माझ्या शेजारच्या मशीनवर झालेलं मी पाहिलं आहे. न धुतलेला तुकडा म्हणजे हाच गरम जॉब. विणताना लोकरीला आपण ताण दिलेला असतो, तो पाण्यात सुटतो. कोणती लोकर किती सुटेल हे तिच्या जातीवर. आपल्याकडे मेंढीची असो की कारखान्यात केलेलं अ‍ॅक्रिलिक असो, सगळ्याला लोकरच म्हणतात, म्हणून लेबल वाचा. मेंढीची लोकर धुतल्यावर मऊ पडते आणि पसरते. जिच्यावर 'सुपरवॉश' लिहिलेलं असतं, म्हणजे मशीनमध्ये टाकली तरी आटू नये अशी प्रक्रिया केलेली, ती तर चांगलीच लांबते. साधी मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळली तर उलट आटून नमदा होते. अ‍ॅक्रिलिक पाण्याने फारसं बदलत नाही, पण त्याला इस्त्री दाखवायची नाही. मी एकदा तुकडा सपाट व्हावा म्हणून इस्त्री फिरवली, तो ओल्या फडक्यासारखा लुळा पडला आणि कायमचा तसाच राहिला. सुती धागा धुतल्यावर नाही, वजनाने लोंबतो. सुती काही करणार असाल तर तुकडा वाळल्यावर खालच्या कडेला कपड्यांचे चारपाच चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा आणि मग मोजा.

धुवायचं कसं? स्वेटर जसा धुणार तसंच. माझी पद्धत: कोमट पाण्यात थेंबभर शांपू, २० मिनिटं बुडवून ठेवायचा, चोळायचा नाही. पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून वरून तळव्याने दाबायचा आणि सावलीत सपाट पसरायचा. टाचण्या लावून ताणू नका. हवं तेवढं माप ओढून आणता येतं, आणि तो मोह होतोच. पण स्वेटर काही अंगावर टाचण्या लावून घालणार नाही. (जाळीच्या विणीची शाल असेल तर गोष्ट वेगळी, ती ताणूनच वाळवतात, मग तिचा तुकडाही ताणायचा.) पावसाळ्यात नाशकात वाळायला दोन दिवस लागतात. लागू देत.

मोजायला शिवणकामाची टेप घेऊ नका. आमच्या घरातली टेप मी स्टीलच्या पट्टीशी लावून बघितली तर मीटरमागे ६ मिमी ताणलेली निघाली. हिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणूनच तुमच्या पँटी सैल होतात." शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीएवढी, १५ सेमीची स्टीलची पट्टी उत्तम. तुकडा टेबलावर सपाट ठेवायचा, गादीवर नाही. सुलट बाजू वर. सुलट टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. एक व्ही म्हणजे एक टाका. कड सोडून मधे एक टाचणी उभी खोचायची, तिथून बरोबर १० सेमीवर दुसरी. आता मधले व्ही मोजा. सुईचं टोक एकेका व्हीमध्ये टेकवत मोजलं की चुकत नाही. काळ्या किंवा नेव्ही ब्लू लोकरीला दिवसाउजेडी खिडकीशी बसा, रात्री ट्यूबलाइटखाली दोनदा मोजलं की दोन उत्तरं येतात.

अर्धा टाका उरला तर तो लिहून ठेवा. इथेच माणसं सोडून देतात. २२ च्या जागी २२.५ आले तर काय झालं? स्वेटरला २२० टाके असतील तर १०० सेमीचे ९७.८ झाले. एवढं चालेल. पण २१ आले तर जवळजवळ १०५, आणि २४ आले तर पुरते ९२ सुद्धा नाहीत. १० सेमीत दोनच टाक्यांचा फरक, आणि अंगावर ८ सेमी. मापात किती फरक चालेल, त्याला कारखान्यात आम्ही टॉलरन्स म्हणायचो. स्वेटरला मी १० सेमीमागे अर्धा टाका टॉलरन्स धरतो. दोनतीन जागी मोजून सरासरी काढा, कारण आपला हात तुकडाभरही एकसारखा नसतो.

टाके जास्त आले म्हणजे वीण घट्ट, सुई एक नंबर जाड घ्यायची. कमी आले म्हणजे वीण सैल, सुई बारीक. आणि पुन्हा तुकडा, पुन्हा धुणं. "या वेळी जरा सैल हाताने विणतो" असं स्वतःला सांगू नका. हात तिसऱ्या ओळीला मूळ पदावर येतो. एकच लोकर, एकच ८ नंबरची सुई. हिच्या हातात १० सेमीत २२ टाके येतात, माझ्या हातात साडेचोवीस. ही म्हणते, मी टाका नट आवळल्यासारखा आवळतो. असेल. मी हात बदलायच्या भानगडीत पडत नाही, ७ नंबरची सुई घेतो आणि २२ वर येतो. नमुन्यावर लिहिलेली सुई ही नमुना काढणाऱ्याच्या हाताची असते. टाक्यांचा आकडा पाळायचा, सुईचा नाही.

कधी असं होतं की माप जुळत नाही पण तुकडा हाताला फार छान लागतो. १० सेमीत २४ टाके, पण वीण भरीव, मऊ, हवी तशी. मग सुई बदलू नका, हिशेब बदला. ९६ सेमी घेर हवा असेल तर ९६ गुणिले २.४, म्हणजे २३० टाके. नमुन्यात वेगवेगळ्या मापांचे टाके दिलेले असतात. त्यात २३० च्या जवळचा आकडा ज्या मापाला असेल ते माप घ्या, मग त्यावर 'एक्स्ट्रा लार्ज' लिहिलेलं का असेना. लांबी मात्र आपल्या मापाची ठेवायची. घेर काढताना अंगाच्या छातीत ५ ते १० सेमी ढिलाई मिळवायची हे विसरू नका, नाहीतर आतला शर्ट निघताना स्वेटरबरोबर निघतो.

ओळींचं माप बहुतेक वेळा निभावून नेता येतं, कारण नमुनेही '३५ सेमी होईपर्यंत विणा' असंच सांगतात. जिथे ओळी मोजून टाके कमी करायचे असतात तिथे लक्ष द्या. गळ्यापासून बगलेपर्यंत तिरकी शिवण येते तो रॅग्लन घ्या. ५० ओळींत तो उतार बसवायचा असेल तर ३० ओळींच्या मापाने १६.७ सेमी होतात, आणि तुमच्या १० सेमीत ३२ ओळी येत असतील तर १५.६. सेंटिमीटरभर बगल वर आली की दिवसभर काचते.

टोपी किंवा गोल सुईवरचा (दोन टोकं तारेने जोडलेल्या सुईवरचा) स्वेटर असेल तर सपाट तुकडा फसवतो. सपाट विणताना एक ओळ सुलट, एक उलट. गोल विणताना सगळ्या सुलटच. आणि बहुतेकांचा उलट टाका सुलटापेक्षा सैल असतो. तुकडा मागून बघा, दोन-दोन ओळींच्या जोड्या पडून मधे फट दिसत असेल तर तुमचाही आहे. यावर युक्ती अशी: गोल सुईवर ४० टाके घाला, एक ओळ सुलट विणा आणि काम उलटू नका. टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवा, धागा मागून सैल सोडून आणा आणि पुन्हा सुलट बाजूनेच सुरू करा. मागे लांब लांब धागे लोंबतात, ते ओढले जाऊ देऊ नका. दिसायला तुकडा भिकार दिसतो, माप मात्र खरं देतो.

तुकड्याचा आणखी एक उपयोग आहे, तो मला मापाइतकाच वाटतो: लोकर किती लागेल ते कळतं. १५ सेमी चौरस तुकडा म्हणजे २२५ चौ. सेमी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन धड कळत नाही, कधी ९ म्हणतो, कधी ११. मी ओळखीच्या सराफाकडे नेला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग तुकड्याकडे, आणि काट्यावर ठेवला: ९.८२ ग्रॅम. आता स्वेटर. घेर १०० आणि लांबी ६०, म्हणजे ६००० चौ. सेमी. बाह्या सरासरी ३२ रुंद, ४५ लांब, दोन मिळून २८८०. एकूण ८८८०. त्याला २२५ ने भागलं आणि ९.८२ ने गुणलं की ३८८ ग्रॅम. शिवण, पट्टी, चुका यांचे १० टक्के वर धरले की ४२७. म्हणजे ५० ग्रॅमचे ९ गुंडे, आणि नऊही एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्यायचे. नुसता शेड नंबर जुळून भागत नाही. रंगवतानाचा घाणा वेगळा असला की दुकानात फरक दिसत नाही, पाठीवर आडवा पट्टा म्हणून दिसतो.

हे सगळं मी जॉब कार्डवर लिहितो. हसू नका. एका जाड कागदावर लोकरीचं लेबल चिकटवायचं, खाली सुई मिमीमध्ये, धुण्याआधीचे टाके-ओळी, धुतल्यानंतरचे टाके-ओळी, वजन, तारीख. तुकड्याच्या कोपऱ्यात भोक न पाडता टाक्यातून दोरा घालून कार्ड बांधायचं. त्याच लोकरीने दुसऱ्या वर्षी काही करायचं ठरलं की तुकडा पुन्हा विणावा लागत नाही. आणि स्वेटर पुरा होईपर्यंत तुकडा उसवू नका. लोकर कमी पडली तर शेवटच्या इंचाला तो उसवून कामी येतो. धुतलेलीच लोकर असते, बेलाशक वापरावी.

प्रत्येक कामाला तुकडा लागतो असंही नाही. मफलर बोटभर जास्त रुंद झाला तर कुणाचं काही अडत नाही. पलंगावरच्या विणलेल्या पांघरुणाचंही तेच. बाळाचं टोपडं तर एका संध्याकाळी होतं, तेच तुकडा समजा. मोठं झालं तर बाळ वाढणारच आहे.

मात्र पहिला पीस पास झाला म्हणून लॉट संपेपर्यंत डोळे मिटायचे नसतात. आमच्याकडे दर २५ नगांनी एक उचलून मोजायचे, कारण टूल झिजतं. इथे हात बदलतो. तुकडा विणताना आपण परीक्षेला बसल्यासारखे सावध असतो, स्वेटर विणताना समोर क्रिकेट असतं. शेवटच्या षटकांत विणलेल्या ओळी मी नंतर मोजल्या, १० सेमीत एक टाका जास्त. म्हणून स्वेटर हातभर झाला की तो टेबलावर सपाट पसरून पुन्हा १० सेमी मोजायचे. मी सुरुवात बाहीपासून करतो. बाही हाच मोठा तुकडा असतो, आणि चुकली तर १५ सेमीच उसवावे लागतात.

जावईबापूंचा तो स्वेटर नातीने नेला. तिला तो ढगळ होतो, पण कॉलेजात सध्या ढगळच घालतात म्हणे. "आजोबा, असाच अजून एक करा, मैत्रिणीला हवाय," म्हणाली. माप विचारलं तर म्हणे, "असाच. चुकून झाला तसा."

जावईबापूंचा नवीन तुकडा काल धुतला. राखाडी, मेंढीची लोकर, निफाडकडच्या थंडीला पुरेल अशी. आत्ता खिडकीत टॉवेलवर पसरलाय, अजून खालून दमट लागतोय. ७ नंबरच्या सुईवर धुण्याआधी साडेबावीस होते. उद्या सकाळी २२ आले तर टाके घालीन. खाली उतरले तर ८ नंबरवर जावं लागेल, आणि ८ नंबरच्या सुया हिच्या पिशवीत आहेत, अर्ध्या विणलेल्या शालीत अडकलेल्या.